चार कुत्र्यांचे सात हजार

समा, बडोदे
२० जानेवारी २०२५

चि. पीयूष,
अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस हे मी दर पत्रात लिहिते आणि तू दर वेळी करतोस. परवाही केलास. मी उचलला, तू तिकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलास आणि मी इकडे मोबाइलशेजारी टाळ्या वाजवत बसले. अरे, स्वरयंत्र काढून दोन वर्षं झाली. मानेला भोक आहे, तिथून श्वास जातो-येतो, पण आवाज नाही. मेसेज करावा तर माझं एक बोट तीन अक्षरं दाबतं आणि भलताच शब्द उमटतो. तेव्हा पत्रच बरं. सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर ‘सावधान’ ओरडण्यात गेली, आता पोस्टमनची वाट बघण्यात जाते आहे.

उत्तरायण झालं. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी दरवर्षीसारखे कुत्र्यांसाठी लाडू वळले. त्या दिवशी कुत्र्याच्या मुखी लाडू घातला की पुण्य लागतं म्हणतात. राणोजीनं लाडू खाऊन सगळ्यांना भरपूर पुण्य मिळवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणभर त्याचा हिशेब मांडला. बर्फीला मात्र मी खोलीत कोंडून ठेवलं होतं. तिला ते बाधतं.

आता कामाचं. गळ्याशेजारी पुन्हा एक गाठ आली आहे. छोटीशी आहे. किरणं द्यायची आहेत, तीन-चार महिने दवाखान्यात ये-जा करावी लागेल. डॉक्टर म्हणतात, मानेच्या भोकाला केस आणि धूळ अजिबात चालायची नाही, कुत्री घरातून हलवा. हे ते पहिल्यापासूनच म्हणत होते, मी मान डोलवायचे आणि घरी येऊन बर्फीला मांडीवर घ्यायचे. या वेळी ऐकावं लागणार आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी मयंकभाई म्हणाले, “बेन, पांजरापोळमां मूकी दो ने.” कुत्री तिथे ठेवायची म्हणून मी जाऊन बघून आले. तिथली माणसं चांगली आहेत, पण शेकडो जनावरांत माझी चार कुठे बसणार? राणोजी दांडगा आहे, तो निभावेल. गाठिया कोणाच्याही मागे शेपूट हलवत जाईल. बिजलीला मात्र सारखं बघावं लागतं. आणि बर्फी म्हातारी आहे. फतेगंजला एका बदली झालेल्या कुटुंबानं तिला सोडून दिली होती, बंद फाटकासमोर बसलेली मी उचलून आणली. तिला दुसऱ्यांदा फाटकाबाहेर ठेवायचं माझ्याच्यानं होणार नाही.

तुझ्या नाशिकच्या घराला अंगण आहे. घेशील का चौघांना? मी बरी होईपर्यंत.

खर्चाचं तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. चौघांचं मिळून महिन्याला सात हजार. तांदूळ, चिकनच्या माना, दूध, गोचिडांचं औषध, सगळं त्यात आलं. ते पैसे मी दर महिन्याला पाठवीन. प्राचीला नीट विचार आणि मग कळव. ती नाही म्हणाली तरी मला राग नाही.

तुझी,
कांचनआत्या


नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

ती. कांचनआत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला कारण तुझा श्वास ऐकू येतो. तेवढा ऐकला की मला बरं वाटतं. यापुढेही करणार. तू टाळ्या वाजव.

कुत्र्यांना घेतो. प्राचीला विचारलं, ती लगेच हो म्हणाली. तिच्या माहेरी कुत्री होती, मलाच काही अनुभव नाही. पैसे पाठवायचं नाव काढू नकोस. लहानपणी दर सुट्टीत प्रतापनगरच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मला खाऊपिऊ घातलंस, पोहायला शिकवलंस, आता कुत्र्यांच्या जेवणाचे पैसे घेऊ तुझ्याकडून? दुकान पूर्वीसारखं चालत नाही हे खरं. पोरं मोबाइलवर फोटो काढतात, झेरॉक्स कोण करतं आता! पण सात हजार म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही.

फक्त एक विचारतो, रागावू नकोस. सात म्हणजे सातच ना? आपल्या घरातल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. आजी मंगळबाजारातून साडी आणायची आणि आजोबांना निम्मी किंमत सांगायची. आठवतंय ना, आजोबांनी वर्कशॉपमधल्या दोघांना ‘त्याच भावात तुम्हालाही आणून देतो’ म्हणून शब्द दिला, आणि आजीनं वरचे पैसे भाजीच्या खर्चातून गुपचूप भरले? आम्ही महिनाभर दुधी खाल्ला. बाबा स्कूटरच्या दुरुस्तीतले पन्नास रुपये कमी करून आईला सांगायचे. मीही तेच करतो. प्राचीला ही रीत माहीत नाही, तिच्याकडे बिल टेबलावर ठेवतात.

तेव्हा आत्या, आकडा खरा सांग.

तेवीस तारखेला, रविवारी, दुकान बंद असतं. मित्राची मोठी गाडी घेऊन येतो.

तुझा,
पीयूष


समा, बडोदे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. पीयूष,
अनेक आशीर्वाद.

सात म्हणजे सात. तुझ्या आजीची शपथ घेतली असती, पण तीच आकडे फिरवायची, म्हणून राहू दे.

ये रविवारी. पुरणपोळी करत नाही, मला आता गिळवत नाही आणि एकट्या तुझ्यासाठी घाट घालायचा उत्साहही नाही. कोपऱ्यावरून सेवउसळ आणू.

सांगायच्या गोष्टी तू आल्यावर मला पाटीवर खरडाव्या लागतील, म्हणून आत्ताच लिहिते. शिट्टी वाजवून बोलावू नकोस. ऑपरेशननंतर मला शिट्टी फुंकता येईना, तेव्हापासून त्यांना टाळीची सवय आहे. दोन टाळ्या म्हणजे ‘या’, एक म्हणजे ‘खबरदार’. राणोजीला पहिलं वाढायचं, नाहीतर तो कोणालाच खाऊ देत नाही. बिजली पाय चावत बसली तर तिला ओरडू नकोस.

बर्फीसाठी एक बाटली देईन. ताकदीच्या गोळ्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, खाण्याआधी. त्या काही चुकवू नकोस. पेढ्याच्या कणात घातलीस की घेते, पण कधीकधी गालात धरून ठेवते आणि नंतर थुंकते, तेव्हा तोंड उघडून बघ. इथे माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांच्याकडून मला त्या फुकट मिळतात, म्हणून खर्चात धरल्या नाहीत. संपायच्या आत मी पुढची बाटली कुरियरनं पाठवत जाईन. तू तिथे शोधत बसू नकोस.

तू येणार म्हणून चौघांना आंघोळ घातली. गाठिया आता मुद्दाम मातीत लोळतो आहे.

तुझी,
आत्या


नाशिक
९ मार्च २०२५

ती. आत्या,
सा. न.

मंडळी रुळली. पहिले दोन दिवस राणोजी फाटकाशी बसून होता, कोणी टाळी वाजवली की उठून तू दिसतेस का बघायचा, आणि मी दिसलो की पुन्हा बसायचा. मला फार अपमान वाटला. आता येतो. गाठियाला शेजारच्या तीन घरांनी आपापली नावं ठेवली आहेत आणि तो तिन्हींना ओ देतो.

बर्फी प्राचीची झाली. प्राची हॉस्पिटलमधून येते, फिजिओथेरपीत पेशंटचे हातपाय ओढून थकलेली असते, खुर्चीत बसते आणि बर्फी तिच्या पायांवर येऊन पडते. गोळ्या मी न चुकता देतो. गालात धरते हे खरं आहे. लबाड आहे.

तू सांगितलेले सात हजार पुरतात. उलट थोडे उरतातच. चिकन जरा कमी केलं आहे, अंडी आणि पोळ्या देतो, त्यांनाही आवडतात. बडोद्याला तुला सगळ्या घरांमधून कुत्र्याची शेवटची पोळी यायची ना, इथे तसं कोणी आणून देत नाही. पण भागतं, तू काळजी करू नकोस.

तू आता तुझं सांग. निघताना तू बारीक वाटलीस. गाडी वळेपर्यंत तू फाटकात उभी होतीस, नंतर आरशात बघितलं तर दिसली नाहीस. लगेच आत गेलीस का? डॉक्टर काय म्हणतात? खरं सांग.

पीयूष


समा, बडोदे
३० मार्च २०२५

चि. पीयूष,
अनेक आशीर्वाद.

उपचार छान चालले आहेत. किरणांनी कातडी थोडी भाजते, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर तीन-चार वर्षं आरामात. त्यामुळे तू निश्चिंत राहा.

गाडी वळल्यावर मी फाटकातच खाली बसले होते, म्हणून दिसले नसेन. पाय दुखत होते.

घरात फार शांत आहे. मला बोलता येत नसलं तरी कुत्री होती तोवर घरात आवाज होता. शेजारणी अजून सवयीनं संध्याकाळी फाटकावर पोळ्या ठेवून जातात. मी त्या उचलते आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालते. ती खाऊन निघून जातात. त्यांचं काही चुकत नाही, पण मला रडू येतं.

बर्फीची दुसरी बाटली या पत्राबरोबर आहे. आणि बिजलीला गहू देऊ नकोस. पोळ्या बाकीच्यांना घाल, तिला फक्त भात दे. तिला गहू आवडत नाही. आणि चिकन कमी करू नकोस रे. कमी का करायचं? सात हजारांत चिकन बसतं, मी बसवत होते.

बर्फी प्राचीच्या पायांवर झोपते हे वाचून बरं वाटलं. थोडा मत्सरही वाटला. प्राचीला आशीर्वाद.

आत्या


नाशिक
२४ मे २०२५

ती. आत्या,

एप्रिलभर तुझं पत्र नाही. मी फोन केला तर श्वासही ऐकू आला नाही, नुसती रिंग. शेवटी मयंकभाईंचा नंबर मिळवला. ते म्हणाले, “बेन तो वीस दिवसथी दवाखानामां छे, तमने खबर नथी?” तू वीस दिवस दवाखान्यात आणि मला खबर नव्हती. आत्या, असं का करतेस? परवा दिवशी तू घरी आलीस असं त्यांनी कळवलं, म्हणून हे लिहितो आहे. हे आधी लिहिणार होतो, पण तू दवाखान्यात असताना कसं लिहू, असं वाटलं.

बर्फी गेली. एकोणीस तारखेला, दुपारी.

तुझ्या गोळ्या एप्रिलच्या शेवटाला संपल्या. तू म्हणाली होतीस शोधू नकोस, तेव्हा मी शोधल्या नाहीत. ताकदीच्याच आहेत तर त्याऐवजी ताकद येईल असं काही देऊ म्हणून रोज दूध आणि एक अंडं सुरू केलं. ती खायची. नंतर जरा खोकायला लागली. मला वाटलं, उकाड्यात कूलरसमोर झोपते, सर्दी झाली असेल. मधाचं चाटण दिलं. शेवटचे दोन दिवस ती आडवी होत नव्हती, बसूनच राहायची, मान उंच करून. मी तिला धरून झोपवायला जायचो, ती पुन्हा उठून बसायची. दुपारी मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा ती पाणी प्यायला उठली आणि वाटीपाशीच पडली.

म्हातारपणानं गेली, आत्या. फार त्रास झाला नाही. औषधपाण्याचा खर्चही काही झाला नाही. अंगणातच कडुनिंबाखाली पुरलं. प्राचीनं हॉस्पिटलमधून सुट्टी घेतली होती त्या संध्याकाळी.

मला माफ कर. तू तिला माझ्याकडे सांभाळायला दिली होतीस.

पीयूष


समा, बडोदे
८ जून २०२५

चि. पीयूष,

पत्र पोचलं. थोडंच लिहिते.

म्हातारीच होती. कधीतरी जायचीच होती. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी दवाखान्यात होते, कुरियर करायला कोणाला सांगायचं राहून गेलं. सांगायचं म्हणजे तरी लिहूनच द्यायचं, आणि हाताला सलाईन होतं.

ती बसून होती तेव्हा तिच्याजवळ कोणी होतं का? मान उंच केली होती म्हणतोस. तेव्हा मानेखाली कोणी हात धरला होता का? एवढंच कळव.

बिजलीला भात देतोस ना?

आत्या


नाशिक
२२ जून २०२५

ती. सौ... नव्हे, ती. कांचनआत्यांस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, मायना कसा घालायचा तेही नीट येत नाही. मी प्राची. सरळ बोलायची सवय आहे, त्यामुळे काही लागलं तर माफ करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, मानेखाली हात होता. माझाच होता. ड्यूटीवर जाईपर्यंत मी बसून होते, मी गेल्यावर हे बसले. दुपारी दुकानाचं शटर उघडायला म्हणून तासभर गेले, परत आले आणि ते झालं. त्या तासाबद्दल ते स्वतःला माफ करत नाहीत. जेवायला बसले की उठून जातात.

गेल्या आठवड्यात बर्फीची गादी उन्हात घातली तेव्हा खोळीत एक गोळी सापडली, थुंकलेली. बिजलीचे पाय रक्ताळले होते, तिला घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरांकडे चाललेच होते, म्हणून ती गोळीही नेली. डॉक्टरांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, तुमच्या कुत्रीला हृदयाचा आजार आहे का? ही एक गोळी साठ रुपयांना येते, आयुष्यभर द्यायची असते आणि एकदम बंद करायची नसते. बंद केली की छातीत पाणी होतं, कुत्रं खोकतं आणि आडवं होऊ शकत नाही. त्यांनी हे सगळं त्यांच्या नेहमीच्या सुरात सांगितलं. मी त्यांच्याकडून गोळीचं नाव कागदावर लिहून घेतलं.

बिजलीला गव्हाची ॲलर्जी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आवडत नाही म्हणून तुम्ही लिहिलं होतं, आणि आवडीनिवडी कुत्र्याच्या कशाला पुरवायच्या म्हणून आमच्या घरी तिला पोळ्याच मिळत होत्या.

घरी येऊन मी यांना विचारलं, आत्यांनी नक्की किती सांगितलं होतं? तेव्हा कळलं की तुम्ही सात सांगितलं होतं. मला यांनी चार सांगितलं होतं. चार! मी दर एक तारखेला चार हजार काढून यांच्या हातात देत होते आणि मनात म्हणत होते की स्वस्तात पडली बाई कुत्री. वरचे तीन हे दुकानातून घालणार होते, पण दुकानात नव्हतेच. म्हणून चिकन बंद झालं, आणि बर्फी खोकायला लागली तेव्हा डॉक्टरची फी चारात बसेना म्हणून मध चाटवला. मला तेव्हा म्हणाले की डॉक्टरांना फोनवर विचारलं आहे.

आत्या, मी बासष्ट हजार मिळवते. मला कोणी खरा आकडा सांगितला असता तर मी दिला असता. माझ्या पायांवर झोपत होती ती. साठ रुपयांची गोळी मी तिला घातली नसती का? तुम्ही मला ओळखत नव्हता, मान्य आहे. पण तुम्ही नाही म्हणायची संधीसुद्धा मला दिली नाहीत. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या मनाची किंमत आधीच ठरवून टाकलीत आणि ती कमी ठरवलीत. याचा मला फार राग आला आहे, आणि तो लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

गोळी कसली होती हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. यांना वाटतं, अंडं पचलं नाही किंवा उन्हानं गेली. खरं कळलं तर काय करतील मला माहीत नाही, पण न सांगता मला यांच्यासमोर बसवत नाही. ते तुम्ही सांगावं असं मला वाटतं. पंधरा दिवस वाट बघते. नाहीतर मी सांगेन.

आणि बाकीच्या तिघांचा खरा आकडा कळवा. तुमचाही. तुम्हीही तशाच घरातल्या आहात, म्हणून विचारते.

प्राची


समा, बडोदे
१ जुलै २०२५

चि. पीयूष आणि चि. सौ. प्राची,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा. प्राची, तू मोठ्यानं वाच आणि पीयूषला उठून जाऊ देऊ नकोस.

पीयूष, बर्फीच्या बाटलीतल्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. तिचं हृदय तीन वर्षांपासून बिघडलेलं होतं आणि ती त्या गोळ्यांवर जगत होती. मी पाकिटातून काढून त्या साध्या बाटलीत भरल्या, म्हणजे तुला नाव वाचता येऊ नये. ओळखीचं कोणी नव्हतं, फुकट काही मिळत नव्हतं. तू मला स्पष्ट विचारलं होतंस, आकडा खरा सांग म्हणून. मी शपथेवर विनोद करून तुला फसवलं.

का केलं ते सांगते, पटणार नाही तरी. चौघांचा खर्च अठरा हजार होता, आणि पैसे तू माझ्याकडून घेणार नाहीस हे मला माहीत होतं. अठरा लिहिलं असतं तर तू हो म्हणाला असतास, पण प्राची नाही म्हणेल असं मला वाटलं. मग तुमच्या दोघांत माझ्या कुत्र्यांवरून वाद होईल, आणि बर्फी पांजरापोळात जाईल. म्हणून सात लिहिलं. वरचं जमेल तेवढं मी गोळ्यांच्या रूपानं गुपचूप पाठवत राहीन, माझ्या आईनं साडीचे पैसे भरले तसे, असा हिशेब केला होता. मी आडवी पडले तर काय, हा विचार त्या हिशेबात नव्हता. आईच्या त्या लबाडीत आपण महिनाभर दुधी खाल्ला. माझ्या लबाडीत बर्फी गेली.

तुझ्या हातून ती गेली नाही, पीयूष. तू तासभर शटर उघडायला गेलास म्हणून गेली नाही, अंड्यानं नाही की उन्हानं नाही. तुला कळायला काही मार्गच मी ठेवला नव्हता. तुझं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं, खोकला आणि बसून राहणं वाचल्याबरोबर. तरी मी ‘म्हातारी होती’ असं लिहिलं. तू इतके दिवस जेवणावरून उठतो आहेस, ते माझ्या त्या दोन शब्दांमुळे. बर्फीपेक्षाही त्याचं मला जास्त वाईट वाटतं आहे.

पण तूही चार सांगितलंस ना रे. तुझ्यावर रागावायचा मला हक्क नाही, तरी सांगते. हे आता थांबव. तुझ्या घरात एक माणूस बिल टेबलावर ठेवणारं आहे. त्या माणसाशी खरं बोलायला तुला कसली भीती?

प्राची, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शाळेत असते तर तुला कॅप्टन केलं असतं. तुझी किंमत मी कमी केली, हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आता आकडे. राणोजी, गाठिया आणि बिजली, तिघांचे मिळून साडेबारा हजार. चिकन आणि तांदूळ साडेसात, बिजलीचं खास खाणं आणि कातडीचं औषध साडेतीन, बाकी गोचिडांचं, लशींचं वगैरे सरासरी दीड. राणोजीची कंबर धरायला लागली आहे, वर्षभरात त्याचा खर्च वाढेल, तेही धरून ठेव. जमणार नसेल तर स्पष्ट सांग, गाठियाला घ्यायला इथले एक जण तयार आहेत. माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस.

माझा आकडाही तू मागितलास. तीन-चार वर्षं असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. जानेवारीत म्हणाले होते, किरणांनी त्रास कमी होईल, गाठ जाणार नाही. मे महिन्यात दवाखान्यातून सोडताना त्यांनी मयंकभाईंना बाहेर नेऊन सांगितलं. मला ऐकू येत नाही असं लोकांना वाटतं, कारण मी बोलत नाही. दिवाळीपर्यंत, असं म्हणाले. त्यानंतर एक महिना गेला आहे, आणि मला स्वतःला दिवाळी लांब वाटते. आता नळीनं खाते. दिवसा एक बाई असते. संध्याकाळी ती गेली की मी एकटी असते, आणि मला भीती वाटते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

केसांचं आणि धुळीचं आता काही राहिलेलं नाही. डॉक्टरांना मी लिहून विचारलं, ते म्हणाले, आता कोणाला भेटायचं असेल त्याला भेटा.

मला तुम्ही हवे आहात. दोघंही, आणि तिन्ही कुत्री. गाडीचं भाडं, दुकान बंद राहील त्याचं नुकसान, प्राचीची रजा, हे सगळं होईल ते मला माहीत आहे आणि तरीही मी मागते आहे. दोन दिवसांसाठी नको, जरा जास्त राहा.

रविवारची वाट बघू नका.

तुमची,
कांचनआत्या